पंक्तिप्रपंच

गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या पूर्व भागातील एका उपाहारगृहात आम्ही चौघे जेवावयास गेलो होतो. आसने मोजकी, वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, पदार्थ निवडण्याची मुभा नाही. अडीच तासांत अकरा पदार्थ ठरलेल्या क्रमाने समोर येतात आणि प्रत्येक पदार्थ महाराष्ट्राच्या एकेका भागाचा. दिवे मंदावतात, भिंतीवर घाटातला पाऊस दिसू लागतो, कोपऱ्यातून जात्याची घरघर आणि तिच्यावर एक ओवी ऐकू येते. मग काळ्या दगडी थाळीत तळहाताहून लहान अशी ज्वारीची भाकरी येते. तिच्यावर चमचाभर पिठले आणि लसणीच्या तेलाचे चार थेंब. यजमान सांगतात, ही शेतकऱ्याची न्याहारी. चव उत्तम होती. हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे म्हणावयाचे आहे त्याचा चवीशी वाद नाही.

आमच्यापैकी एकजण बीडकडचा. त्याने ती भाकरी दोन घासांत संपवली आणि अगदी सहज विचारले, "अजून एक मिळेल का?" मिळणार नव्हती. अकरा पदार्थांचा हिशेब ठरलेला असतो आणि त्यात 'अजून'ला जागा नसते. वाढणारा मुलगा ओशाळला, आमचा मित्रही ओशाळला, आणि जात्याची घरघर थांबून पुढच्या पदार्थासाठी समुद्राची गाज सुरू झाली.

त्या रात्री परतताना मराठीतला एक जुना शब्द आमच्या मनात घोळत राहिला: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीला बसलेल्यांपैकी एकाच्या भातावर तुपाची धार आणि दुसऱ्याच्या भातावर नुसता थेंब, असा भेदभाव करणे म्हणजे पंक्तिप्रपंच. या शब्दाची गोम अशी की, तो पंगतीत बसलेल्यांपुरताच अन्याय ओळखतो. ज्याला पंगतीत जागाच नाही त्याच्यासाठी वेगळे शब्द आहेत: पंक्तिबाह्य, अपांक्तेय. जेवणाला प्रदेशाचा आणि संस्कृतीचा उत्सव म्हणावयाचे असेल, तर हे तिन्ही शब्द जवळ ठेवून या शहराच्या पंगतींचा इतिहास एकदा पाहिला पाहिजे, असे आम्हांस वाटले.

*

जेवण हा देखावा असू शकतो, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ इ. स. ११२९च्या सुमाराचा. आजचे बसवकल्याण हीच त्याची राजधानी. मराठी आणि कन्नड जिथे एकमेकींच्या अंगणात नांदतात असा तो मुलूख. या ग्रंथात 'अन्नभोग' नावाचे प्रकरण आहे. राजाने कसल्या आसनावर बसावे, नाभीपासून गुडघ्यापर्यंत शुभ्र वस्त्र कसे पसरावे, सोन्याच्या ताटात काय कोणत्या क्रमाने यावे, हे तेथे सांगितले आहे. पुरणपोळीची पूर्वज म्हणावी अशी 'वेढमिका' तेथे सापडते, आणि तिचा उल्लेख मराठी अन्नावरच्या लेखांत अभिमानाने केला जातो. त्याच प्रकरणात रानडुकराचे मांस, कासव आणि शेतातले उंदीर भाजण्याची रीतही आहे. तिचा उल्लेख सहसा कुणी करीत नाही. बाराव्या शतकातल्या राजाच्या सुवर्णपात्रात जे शोभले ते पुढे गरिबाच्या चुलीवर गेल्यावर किळसवाणे ठरले. पदार्थाची प्रतिष्ठा पदार्थात नसते, तो कुणाच्या पानात आहे यावर ती ठरते. आपल्या विषयाचे हे पहिले सूत्र आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच हाती लागते.

पुण्यात या देखाव्याने कळस गाठला तो पेशवाईत. पाट, पाटाभोवती रांगोळीची महिरप, उदबत्तीचा दरवळ, समयांचा उजेड, केळीची पाने. पानाचा नकाशा ठरलेला: वर मध्यभागी मीठ, डाव्या बाजूस लिंबू, चटण्या, कोशिंबिरी, लोणची, उजव्या बाजूस भाज्या, मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. आपोष्णी, चित्राहुती, श्लोक, हर हर महादेवाचा गजर. पानाच्या डाव्या बाजूचे सगळे तोंडी लावण्याचे आणि उजव्या बाजूचे पोटभरीचे, ही विभागणी आजही आमच्या घरांत सवयीने पाळली जाते. १७८३ साली सवाई माधवरावांचे लग्न झाले, तेव्हा पाहुण्यांची उतरण्याची, बसण्याची आणि जेवणाची चोख व्यवस्था लावणारी याद नाना फडणिसांनी तयार केली होती. राज्यकारभाराइतकीच पंगतही कारभाऱ्याच्या हुकमतीखाली चालत असे. आजच्या उपाहारगृहांना ज्याचा अभिमान वाटतो ते सारे, म्हणजे गंध, ध्वनी, उजेड, क्रम आणि कथा, त्या पंगतीत होतेच. प्रोजेक्टर तेवढा नव्हता.

याच पंगतीची मोठी आवृत्ती म्हणजे श्रावणातली दक्षिणा. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पेशव्यांनी पुण्यात आणली. पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दूरदूरचे ब्राह्मण जमत आणि त्यांना दान मिळे. ब्राह्मणभोजनांनी शहर गजबजून जाई. त्या दिवसांतल्या पुण्याच्या वैभवाची वर्णने आपण वाचतो तेव्हा पानांची संख्या आपल्याला भारून टाकते. पण पान मांडले जाण्याआधी आणि उचलले गेल्यानंतर काय होत होते? भात कांडावा लागतो, पीठ दळावे लागते, भांडी घासावी लागतात. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या नोंदी आहेत. विकत घेतलेल्या, शिक्षा म्हणून राबविलेल्या, एका घरातून दुसऱ्या घरी धाडलेल्या या स्त्रिया. जात्याचा आवाज त्यांच्याही हातचा होता. ज्या ओवीने आमच्या दगडी थाळीला पार्श्वसंगीत पुरविले, ती ओवी पहाटेच्या काळोखात दळणाचे कष्ट हलके व्हावेत म्हणून बायकांनी रचली होती, हे तेथे सांगितले गेले असते तर भाकरीची चव काही कमी झाली नसती.

*

१८१८ साली पेशवाई गेली, पण दक्षिणा लगेच बंद झाली नाही. एल्फिन्स्टनने तिला वळण दिले. त्या निधीच्या आधारे १८२१ साली विश्रामबाग वाड्यात हिंदू कॉलेज उघडले. १८४९ साली सुधारक मंडळींनी अर्ज केला की, या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनासाठी खर्च व्हावा. त्यावरून शहरात मोठा क्षोभ उसळला आणि अर्जदारांच्या पाठीशी जोतीराव फुले उभे राहिले. ज्या निधीतून कधी ब्राह्मणांच्या ओंजळी भरल्या, त्याच निधीतून पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळाली. मराठी गद्याच्या पायाभरणीत रमण्यातला एक दगड आहे, हे आपण लिहिणाऱ्यांनी तरी विसरू नये.

यानंतरच्या शतकात पुण्यातले भांडण सतत अन्नपाण्याभोवतीच फिरताना दिसते. १८६८ साली फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७६-७७च्या दुष्काळात सत्यशोधक मंडळींनी धनकवडीला बालाश्रम काढून मुलांना जेवू घातले. १८९० साली गोपाळराव जोशी यांनी पंचहौद मिशनमध्ये शहरातल्या प्रतिष्ठितांना बोलावून चहा-बिस्किटे पुढे ठेवली. आनंदीबाई जोशी यांचे हे विक्षिप्त पती. बोलावलेल्यांत रानडे होते, टिळकही होते. काहींनी कप उचलला, काहींनी नुसता हात लावला, काहींनी तेवढेही केले नाही. पुढे सगळ्यांचीच नावे 'पुणे वैभव' पत्रात छापून आली आणि ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, त्यांच्या वतीने चौकशी झाली. टिळकांनी काशीस प्रायश्चित्त घेतल्याचा दाखला दिला, तर रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि सुधारकांचा रोष ओढवून घेतला.

या प्रसंगाकडे आपण आज हसून पाहतो, पण त्यात एक भेदक गोष्ट आहे. चहाच्या चवीबद्दल कुणीच तक्रार केली नाही. प्रश्न होता तो कुणाच्या हातचा, कुणाच्या घरी आणि कुणाच्या शेजारी बसून, इतकाच. प्रदेशाचे अन्न म्हणजे त्या प्रदेशातले पदार्थ, असे आज आपण समजतो. १८९०च्या पुण्यात अन्न म्हणजे आधी माणसांमधले अंतर होते आणि पदार्थ त्यानंतर.

त्याच पर्वतीवर, जिच्या पायथ्याशी दक्षिणा वाटली जात असे, १९२९ साली अस्पृश्यांनी मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह केला. दार उघडले नाही. श्रावणातल्या रमण्याची गोष्ट पर्यटकाला जो सांगतो, त्याने त्याच टेकडीची ही दुसरी गोष्टही सांगावी.

*

मग ही पंगत मोडली कुणी? आमच्या मते, सुधारकांच्या लेखणीइतकेच श्रेय खाणावळीचे आहे. शिकायला आणि नोकरीला पुण्यात आलेल्या मुलग्यांना महिन्याच्या ठरावीक रकमेत दोन वेळचे जेवण हवे होते. सुरुवातीस खाणावळीही जातवार होत्या, यात शंका नाही. पण शेजारच्या पाटावर कोण बसला आहे हे कुपनावरून कळत नाही. १९३५ साली मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी लक्ष्मी रस्त्यावर 'पूना गेस्ट हाऊस' काढले आणि नाटक-सिनेमातल्या माणसांचा तो अड्डाच बनला. टिळक रस्त्यावरच्या 'बादशाही'ने विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या पोसल्या. इराण्यांच्या संगमरवरी टेबलांवर मस्का-पाव खाताना कुणी कुणाला गोत्र विचारले नाही. पैसा हा पंगतीचा नवा नियम झाला. तो निर्दयी होता, पण जुन्या नियमाहून मोकळा होता, कारण तो निदान कमावता येत होता.

याच सुमारास दुसरीकडे, छापखान्यात, 'मराठी जेवण' नावाची वस्तू आकार घेत होती. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५चे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' १९१०चे. कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' १९७०चे. वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेले हे पुस्तक पुढची कैक वर्षे नव्या सुनांच्या आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या सामानात असायचेच. या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. आमच्यापैकी एकीच्या 'रुचिरा'ला तर तेल लागलेली पानेच सर्वांत जास्त वाचलेली आहेत. पण पुस्तक लिहिणारे आणि विकत घेणारे ज्या थरातले, त्याच थरातल्या स्वयंपाकघराला हळूहळू 'मराठी स्वयंपाक' असे सामान्यनाम मिळाले. उरलेली सगळी स्वयंपाकघरे विशेषणे लागून मागे राहिली: खानदेशी, मालवणी, वऱ्हाडी, आगरी. आणि काहींना तर विशेषणही मिळाले नाही.

'अस्सल' या शब्दाचा घोळही येथेच सुरू होतो. आमच्या उपवासाच्या ताटातला बटाटा आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतून निघाले. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दसुद्धा पोर्तुगिजांनी दिले. कोल्हापुरी रश्शाची मिरचीही त्याच जहाजांतून उतरली. सोमेश्वराच्या सुवर्णताटात यांतले काहीच नव्हते. तेव्हा पदार्थ परदेशी की देशी, याची झडती आम्ही घेत बसणार नाही. तपासायचेच असेल तर ताट कुणाचे आणि ते कुणी वगळले, हे तपासावे.

*

बाहेरच्या जगात जेवणाचे नाटक करण्याची हौस विसाव्या शतकात नव्याने उफाळली. इटलीत मारिनेत्ती आणि त्याच्या भविष्यवादी मित्रांनी १९३२ साली पाककृतींचे पुस्तकच काढले. त्यात जेवताना हाताने कापडे चाचपण्याचे आणि हवेत अत्तर फवारण्याचे प्रयोग होते. २००७च्या सुमारास इंग्लंडमध्ये हेस्टन ब्लुमेन्थाल याने मासळीच्या पदार्थासोबत शंखात लपवलेल्या यंत्रातून लाटांचा आवाज ऐकवला. शांघायमध्ये २०१२ साली दहा आसनांचे एक उपाहारगृह निघाले. तेथे प्रत्येक पदार्थागणिक भिंती, गंध आणि संगीत बदलत असे. दरम्यान २००४ साली उत्तर युरोपातल्या आचाऱ्यांनी जाहीरनामा काढून आपापल्या प्रदेशातल्या मातीकडे, ऋतूकडे आणि रानभाज्यांकडे वळण्याची शपथ घेतली. हे दोन प्रवाह, नाटकाचा आणि मातीचा, एकत्र होऊन आपल्याकडे आले. मुंबईत २०१५ साली 'बॉम्बे कॅन्टीन' आणि २०१६ साली 'मास्क' निघाले. प्रादेशिक जिन्नसांना पंचतारांकित प्रतिष्ठा मिळू लागली, आणि पुणे यात मागे राहणे शक्यच नव्हते.

यात आनंद मानण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या भाकरीची शहरात शिकायला आलेल्या पोरांना डब्यात लाज वाटे, ती आता कौतुकाने पुढे ठेवली जाते. रानभाज्यांची नावे विचारली जातात. नाचणी, वरई, अंबाडी यांना गिऱ्हाईक मिळते, आणि गिऱ्हाईक मिळाले तरच पेरा टिकतो. हे सर्व आम्ही मान्य करतो.

पण आता पिठल्याकडे परत येऊ. १९९५ साली सत्तेवर आलेल्या युती सरकारने एका रुपयात झुणका-भाकर देण्याची केंद्रे काढली. २०२० साली दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. आमच्या दगडी थाळीतले पिठले हे त्या झुणक्याचे सख्खे भावंड. एकच पदार्थ एका ठिकाणी भूक भागवण्यासाठी स्वस्त करावा लागतो आणि दुसऱ्या ठिकाणी स्मृती जागवण्यासाठी महाग. किंमत दोन्हीकडे त्या पदार्थाहून अधिक काही सांगत असते.

आणि काही पदार्थ असे आहेत, जे कोणत्याच किमतीला या पंगतीत आलेले नाहीत. १९७२च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मजुरांना सुकडी मिळे. परदेशातून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी लोकांनी कशाबशा गिळल्या. मराठवाड्यातल्या साठीच्या पुढच्या कुणालाही विचारा, या दोन शब्दांवर तो थांबतो. त्याच वर्षी डिसेंबरात पुण्याच्या रंगभूमीवर तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' आले, ज्यात परगावचा एक ब्राह्मण दक्षिणेच्या गर्दीत चोर ठरवून अपमानित होतो. सुकडी हे प्रादेशिक अन्न नव्हे काय? तिला भूगोल आहे, साल आहे, गंध आहे, आणि एका पिढीची आठवण आहे.

२००९ साली पुणे विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने, शर्मिला रेगे यांच्या पुढाकाराने, दलितांच्या अन्नस्मृतींवर एक पुस्तिका काढली. हे ताट भारतीय नाही का, असा प्रश्न तिच्या शीर्षकातच होता. २०१५ साली शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आले. अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्या संस्कृतीला दिलेले हे उत्तर शीर्षकापासूनच सुरू होते. मराठवाड्यातल्या महार-मांग घरांत काय शिजत होते, वाळवलेल्या मांसाच्या चान्या कशा साठवल्या जात, तेलतुपाविना चव कशी आणली जाई, हे त्यांनी पाककृतींसह लिहिले. मराठी पाकपुस्तकांच्या दीडशे वर्षांच्या परंपरेत उशिरा आलेले हे पान आहे, आणि त्याची जागा पानाच्या डाव्या बाजूला, तोंडी लावण्यापुरती नाही.

येथे आमच्यातच मतभेद झाला, तो लपवून ठेवत नाही. एकाचे म्हणणे, चान्याही त्या अकरा पदार्थांत आल्या पाहिजेत. वगळणे हाच तर मूळ अन्याय. बीडकडचा मित्र मात्र ठाम होता. तो म्हणाला, "उद्या माझ्या आजीची उपासमार ते मंद उजेडात बाराव्या नंबरला आणतील आणि तिच्यामागे हलगी वाजवतील. मला ते बघायचं नाही." दोघांचेही खरे आहे. वगळले जाणे अपमानाचे, आणि कष्टांची शोभा करून मिरवणेही अपमानाचेच. यातून मार्ग निघायचा असेल तर तो पदार्थांची संख्या वाढवून निघणार नाही. तो पदार्थ कुणी सांगावा, कुणी शिजवावा आणि मिळकतीत कुणाचा वाटा असावा, येथूनच सुरुवात करावी लागेल. ज्यांची आठवण आहे त्यांनाच यजमान होता आले पाहिजे. मुंबईच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने १९७५पासून गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना संघटित करून हे वेगळ्या रीतीने दाखवून दिले आहे: स्वयंपाक करणारीच्या हाती हिशेब आला की पंगतीचे रूप बदलते.

*

त्या रात्री निघताना आम्ही भाकरी थापणाऱ्या बाईंना भेटलो. काचेपलीकडे, सर्वांना दिसेल अशा जागी, नऊवारी नेसून त्या बसल्या होत्या. नऊवारी हा तिथला गणवेश होता. आमच्या मित्राने भाकरीची तारीफ केली. त्या वेल्ह्याकडच्या निघाल्या. घरी नाचणीची आणि तांदळाची भाकरी जास्त, ज्वारीची इथे येऊन शिकले, असे त्या म्हणाल्या. कार्यक्रमपत्रिकेत आचाऱ्याचे नाव होते, भांडी घडवणाऱ्या कलाकाराचे होते, संगीत संयोजकाचेही होते, यांचे नव्हते. तुमचे जेवण झाले का, असे आम्ही रिवाजाप्रमाणे विचारले. स्टाफचे जेवण साडेचारलाच होते, वरण-भात असतो, असे त्यांनी सांगितले. मग इकडेतिकडे पाहून त्यांनी तव्यावरची एक भाकरी, चांगली टम्म फुगलेली, कागदात गुंडाळून मित्राच्या हातात ठेवली.

"मघाशी मागितली होती ना दादा तुम्ही," त्या म्हणाल्या. "मला आतमध्ये ऐकू आलं."